नंतर पाहिलेले चालते

टीव्ही लायसन्स कायद्यात राहून बंद करता येतं का, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. येतं. मी केलंय. इंग्लंडात टीव्ही बघायला दर वर्षी पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं, आणि मेडनहेडमधल्या आमच्या मराठी मंडळींत या विषयावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा चालते. एक जण म्हणतो, गुपचूप बंद करा, कोण बघतंय. दुसरा म्हणतो, टपावर यंत्र लावलेली गाडी गल्लीत येते आणि तुमच्या भिंतीतून आत बघते. मी चर्चेत पडले नाही. मी नियम वाचले, दोनदा, आणि ऑक्टोबरचे अठ्ठावीस दिवस घरात मोजमाप केलं.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात अमुक एक नाही, असं लिहून देणं हा माझा पेशाच आहे. घरात लाइव्ह टीव्ही नाही, असं लिहून देणं त्यापुढे काय अवघड?

नियम सोपा आहे. कुठल्याही चॅनेलवरचा कार्यक्रम तो सुरू असतानाच बघितलात, मग टीव्हीवर असो की फोनवर, तर लायसन्स लागतं. बीबीसीच्या आयप्लेअरवर काहीही बघितलं तरी लागतं. बाकी जे होऊन गेलंय ते मागाहून बघायला लागत नाही. मी फ्रिजवर तक्ता लावला: कोण, काय, किती मिनिटं, लाइव्ह की नंतर. माझा नवरा पुष्कर ब्रॅकनेलच्या ऑफिसातून येतो, सिरीज लावतो आणि दहाव्या मिनिटाला सोफ्यावर झोपतो, ते 'नंतर'. तेरा वर्षांची मायरा दुसऱ्या मुलींना केस विंचरताना बघते, तेही 'नंतर'. सासरे, म्हणजे बाबा, सकाळी कीर्तन आणि दुपारी मराठी बातम्या बघतात, दोन्ही आदल्या दिवशीचं. त्यांना शिळ्या बातम्याच आवडतात. म्हणतात, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, काळजी राहत नाही. अठ्ठावीस दिवसांत लाइव्ह एकूण सहा मिनिटं, तीही पुष्कर रिमोटवर बसला म्हणून.

तीन नोव्हेंबरला मी ऑनलाइन जाहीर केलं, की आमच्या घरी लायसन्स लागत नाही. खाली माझं नाव घातलं, वरदा, आणि बटण दाबलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण कामाची पद्धत तोंडी सांगून भागत नाही, ती लिहून भिंतीवर लावावी लागते, अशी मला बारा वर्षांची सवय. मी सुवाच्य अक्षरात एक सूचना लिहिली, कामावर नेऊन लॅमिनेट केली आणि टीव्हीशेजारी चिकटवली:

'या घरात कोणत्याही उपकरणावर लाइव्ह काहीही पाहू नये. नंतर पाहिलेले चालते.'

पहिल्या मसुद्यात 'टीव्ही कार्यक्रम' असं होतं. ते ओळीत बसेना, म्हणून त्याच्या जागी 'काहीही' घातलं. शब्द लहान, व्याप्ती मोठी. मला तेव्हा तो फार आवडला होता.

बाबांनी सूचना उभं राहून वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. ते पोस्टातून निवृत्त झालेले आहेत. लावलेल्या सूचनेपुढे ते बसत नाहीत.

"फोन पण उपकरणच ना?" त्यांनी विचारलं.

"फोन, टॅब, लॅपटॉप, सगळं."

"त्यात माणसं ओळखीची असली तरी?"

मला वाटलं, नागपूरच्या बातम्या देणारी ती मुलगी त्यांना म्हणायची आहे. तिचे आजोबा यांच्या पोस्टात होते, हे ते रोज सांगतात.

"माणसं कोणीही असोत, बाबा. लाइव्ह म्हणजे लाइव्ह."

"आणि कोणी बघितलंच तर?"

"तर मी अडचणीत. सही माझी आहे." हे मी हसत म्हटलं.

बाबा हसले नाहीत. "बरं," म्हणाले.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ पुरुषोत्तम, वय शहाऐंशी, नागपूरला मुलाकडे असत. दर रविवारी आमच्याकडे सकाळचे दहा वाजले की दोघे भाऊ व्हिडिओवर बोलत. साध्या फोनवर त्यांचं जमायचं नाही, कारण अण्णांना ऐकू येत नसे आणि कानात यंत्र घालायला ते तयार नव्हते. ते समोरच्याचे ओठ वाचत. त्यात मागच्या वर्षी झटका येऊन गेल्यापासून त्यांचं बोलणंही जड झालेलं. तरी तासभर चालायचं. बाबा तोंड मोठ्ठं उघडून एकेक शब्द असा सुटा करून द्यायचे, जसं काही खिडकीतून तिकिटं फाडून देतायत. त्या एका तासावर बाबांचा आठवडा उभा होता, असं म्हणायचा मोह होतो, पण ते मी मोजलेलं नाही. रविवारी ते आठलाच दाढी करून बसत, एवढं मला माहीत आहे.

तो तास माझ्या तक्त्यात नव्हता. भावाशी बोलणं म्हणजे टीव्ही नव्हे, हे मला इतकं उघड होतं की मी ते लिहिलंच नाही. शिवाय रविवारी दहाला मी आणि पुष्कर मायराला पोहायला नेतो. त्या वेळी घरात बाबा एकटे असतात. बाबा आणि सूचना.

नऊ नोव्हेंबरच्या रविवारपासून बाबांनी कॉल उचलणं बंद केलं. तेव्हा मला हे कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की अधूनमधून बाबांचा फोन वाजतो आणि बाबा हलत नाहीत. कधी फोन वाजतो आणि बाबा उठून मागच्या बागेत जातात, चिखलात उभे राहून कुंपण न्याहाळतात. यावरून मी निष्कर्ष काढला, की त्यांना ऐकू येईनासं झालंय. घराण्यातच आहे ते.

मी त्यांना कानांच्या तपासणीला नेलं. बाबा निमूट काचेच्या खोलीत बसले आणि प्रत्येक टिकटिकीला बटण दाबलं. "वयाच्या मानाने उत्तम," तपासणारी म्हणाली. माझा विश्वास बसेना. मी तिला डावा कान पुन्हा तपासायला लावला. तोही उत्तम निघाला.

त्याच आठवड्यात नीनावहिनींचा मेसेज आला. नीनावहिनी म्हणजे अण्णांची सून. व्हिडिओच्या वेळी अण्णांसमोर फोन त्याच धरत. 'काका बरे आहेत ना? व्हिडिओ उचलत नाहीत.' मी लगेच उत्तर पाठवलं: 'कानांची तपासणी करून घेतली. दोन्ही कान नॉर्मल.' सोबत आलेखही जोडला. माझ्या मते हा दिलासा होता. तिकडे त्याचा अर्थ असा झाला: ऐकू येतंय, तरी उचलत नाहीत.

मध्येच बाबांनी मायराकडून व्हिडिओ रेकॉर्ड करायला शिकून घेतलं.

"आजोबा, तुझी कोट का घातली? इट्स जस्ट अ व्हिडिओ."

"तुझी नाही, तुझा कोट. आणि पत्र पाठवताना माणसानं नीट असावं."

"पण हा पत्र नाहीये."

"हे पत्र. आणि हे पत्रच आहे. दाब तू ते लाल बटण."

मायरा बटण दाबायची. कोट आणि मफलर घालून बाबा खुर्चीत ताठ बसत आणि तोंड मोठ्ठं उघडून सुरुवात करत: "मेडनहेड, दिनांक सोळा नोव्हेंबर. तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार." मग हवा, प्रकृती, मायराची शाळा, आणि शेवटी "कळावे". मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला वाटायचं, किती छान छंद लागलाय.

"दर रविवारी कॉल असतोच की," पुष्कर म्हणाला. "वर हे कशाला?"

"जास्तीचं," मी म्हटलं. "चांगलंच आहे."

म्हणजे निरीक्षणं माझ्याकडे सगळी होती. एकही सुटलेलं नव्हतं.

तिकडूनही अण्णांचे व्हिडिओ येत. बाबा ते खोलीचं दार लावून बघायचे, आल्या आल्या नाही, तर दुसऱ्या दिवशी. नंतर म्हणजे नंतर. ते सगळे मी आता पाहिले आहेत. पहिल्यात अण्णा चिडलेले आहेत. "काऊन रे शशी, भावाचं तोंड पाहाले बंदी आहे का तुमच्या विलायतेत?" बाबांनी पुढच्या पत्रात सरळ उत्तर दिलं: होय, इथे कायदा आहे, घरचं लायसन बंद केलंय, त्यावर वरदाची सही आहे, क्षमस्व. त्यावर अण्णांचा व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. "तू पुन्हा लायसन आणलं मधात," एवढंच ते म्हणतात आणि हाताने फोन बाजूला सारतात. पुढच्या व्हिडिओंत ते कमी कमी बोलत गेले. शेवटच्या दोनांत नुसते बघतात.

जानेवारीच्या चोविसाव्या तारखेला, शनिवारी सकाळी, बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेला, पावसानं भिजलेला एक आडव्या अंगाचा माणूस उभा होता. टीव्ही लायसन्सच्या चौकशीला आला होता. त्याला आत घ्यायची सक्ती नसते, वॉरंट नसेल तर नको म्हणता येतं. तेही मी वाचलेलं होतं. पण आपण अठ्ठावीस दिवसांचा तक्ता करून ठेवावा आणि तो तपासणारा माणूस आपल्या पायांनी दारात यावा, असं आयुष्यात किती वेळा घडतं? मी म्हटलं, "प्लीज, कम इन."

त्याचा हेल बर्मिंगहॅमकडचा होता. त्याने न सांगता बूट काढले, ते मला आवडलं. मी तक्ता पुढे केला. "दॅट्स लव्हली, दॅट," असं म्हणून त्याने तो न वाचता परत दिला. टीव्ही लावून पाहिला, एकही चॅनेल लागेना, हातातल्या टॅबवर दोन टिचक्या मारल्या. चार मिनिटांत सगळं आटोपलं. तो बूट घालायला वाकला आणि तेवढ्यात बाबा जिना उतरून आले. कोट, मफलर, हातात कागद.

बाबांचं इंग्रजी पोस्टातलं आहे. ते कागदावरून वाचत होते. मी मराठीत देते.

"सर, या घरात लाइव्ह पाहिलं गेलेलं आहे. चौदा जानेवारी, दुपारी, दोन मिनिटं. संक्रांत होती म्हणून मोह झाला. पाहणारा मी. माझ्या सुनेला यातलं काही माहीत नाही. जो दंड असेल तो माझ्या नावावर लिहावा."

त्या माणसाचा एकच बूट घालून झाला होता. "राइट," तो म्हणाला. "काय पाहिलंत, सर?"

"थोरला भाऊ."

"कुठल्या चॅनेलवर असतो?"

"नागपूरला असतो."

त्याने टॅबवर बोट फिरवत नागपूर शोधलं. वरून खाली, मग खालून वर. "हे केबलवर आहे का?"

"नाही. मुलाकडे."

मला अजून कळलेलं नव्हतं, हे मी नोंदवून ठेवते. कळलं ते मायराला, वरच्या पायरीवर. "आजोबा, अण्णाआजोबा टीव्ही नाही आहे," ती म्हणाली. "तो फक्त माणूस आहे." मग त्या माणसाला म्हणाली, "ही मीन्स अ व्हिडिओ कॉल. विथ हिज ब्रदर."

त्या माणसाने टॅब काखेत घातला. "त्याला काही लागत नाही, सर," तो म्हणाला. "भावाला रोज बघा. दिवसभर बघा."

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण बाबांना कळलं होतं. ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"कधीपासून?" त्यांनी इंग्रजीतच विचारलं.

"कधीपासून म्हणजे?"

"कधीपासून लागत नाही? कोणत्या तारखेपासून?"

"कधीच लागत नव्हतं, सर."

त्याने दुसरा बूट घातला, माझ्याकडे न बघता मान हलवली आणि दार हळूच ओढून घेऊन गेला.

मी बाबांच्या शेजारी बसले. जिना अरुंद आहे, आमचे खांदे भिंतींना लागत होते.

"बाबा, मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं होतं," ते म्हणाले. "माणसं ओळखीची असली तरी, म्हणून."

हे खरं होतं. उत्तरही मला शब्द न् शब्द आठवत होतं.

"तू पाहिलं नाहीस ते दिवस," ते पुढे म्हणाले. "आमच्या वेळी रेडिओला लायसन लागायचं. दर वर्षी पोस्टात येऊन भरायचं. एकाहत्तर साली मी काटोलच्या पोस्टात होतो. कोणी भरलं नाही त्याची यादी माझ्याकडे. अण्णा तिथंच शाळेत मास्तर. त्याच्या ओट्यावर बसून मी रोज संध्याकाळी त्याचा रेडिओ ऐकायचो, आणि त्याचं नाव मी यादीत घातलं."

"मग?"

"मग काय? दंड झाला. दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. आई गेली तेव्हा बोलला." त्यांनी कागदाची घडी घातली. "या खेपेला सही तुझी होती. म्हटलं, एकदा भावाला धरून दिलं. आता सुनेला नको."

 पुष्कर दुकानातून दूध घेऊन आला आणि आम्हा दोघांना जिन्यात असं कोंबून बसलेलं बघून म्हणाला, "काय, पाणी बंद आहे का?" मायराने त्याला स्वयंपाकघरात नेलं.

बाबांनी तिथूनच कॉल लावला. नीनावहिनींनी दुसऱ्या रिंगला उचलला. "काका?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका दबका झाला की आम्हाला नीट ऐकू येईना. "सोमवारपासून अण्णांचा आवाज गेलाय. खाणं पण नाही. पण बघतात हो, कळतं सगळं." त्यांनी फोन वळवला. उशांवर टेकवलेले अण्णा दिसले. चेहरा अर्धा झालेला, डोळे तेवढे पहिल्यासारखे.

"अण्णा," बाबा तोंड मोठ्ठं उघडून म्हणाले. "मी शशी. लायसन लागत नाही. कधीच लागत नव्हतं. चूक झाली."

अण्णांनी थोडा वेळ पाहिलं. मग शांतपणे नजर खिडकीकडे वळवली.

बाबा पुन्हा म्हणाले. अण्णांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा खिडकी. राग नव्हता. पाहुणे गेल्यावर माणूस टीव्हीकडे बघतो तसं ते बघत होते.

"त्यांना वाटतंय, हे पण रेकॉर्डिंगच आहे," नीनावहिनी म्हणाल्या. "संक्रांतीची दोन मिनिटं सोडली तर अडीच महिने तेच दाखवतो ना आम्ही. हाच कोट, हाच मफलर."

"बाबा, कोट काढा," मी म्हटलं.

अरुंद जिन्यात बाबांनी कोट काढला. एक बाही निघेना, ती मी ओढली. अण्णा खिडकीकडेच बघत होते. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट आली, आणि ती माझ्या कामातलीच होती: समोरची वस्तू प्रतिसाद देते की नाही, हे बघायचं असेल तर तिला असं काही द्यावं लागतं जे तिला आधी माहीत असणं शक्य नाही.

"वहिनी, त्यांना बोटं दाखवायला सांगा," मी म्हटलं. "कितीही. बाबा ओळखतील."

वहिनींनी खुणेनं सांगितलं. फार वेळ काही झालं नाही. मग पांघरुणाखालून अण्णांचा डावा हात निघाला. दोन बोटं.

"दोन," बाबा म्हणाले.

आवाज आणि चित्र तिकडे पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात अण्णांची नजर निघाली होती. ती परत आली. तीन बोटं.

"तीन."

मूठ.

"काही नाही. मूठ आहे."

आता अण्णा टक लावून बघत होते. त्यांनी चार बोटं वर केली आणि बाबा बोलणार एवढ्यात त्यांतलं एक मिटलं.

"चार. नाही, तीन," बाबा म्हणाले. "खोड्या काढू नको, अण्णा."

अण्णांच्या तोंडाची एक बाजू वर गेली. प्रयोगशाळेतल्या बारा वर्षांत इतका स्वच्छ निकाल माझ्या हाती आलेला नाही.

मग अण्णा बोलायला लागले. आवाज नव्हता, ओठ हलत होते. एक वाक्य होतं, लांबलचक, मध्ये एकदा थांबून पुन्हा सुरू झालेलं. बाबा फोनवर वाकले. अण्णांनी तेच पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश, जसे इतकी वर्षं बाबा त्यांच्यासाठी बोलायचे तसे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ओठ वाचता येत होते ते अण्णांना. बाबांवर ती वेळ कधी आलीच नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही येत नाही.

"हो," बाबा फोनकडे बघून म्हणाले. "हो, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटले. समाधानानं की दमून, ते मला सांगता येणार नाही.

गुरुवारी ते गेले. तिकडचं सगळं बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवर पाहिलं, सुरू असतानाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टीव्हीशेजारची सूचना मी काढली. लॅमिनेट केलेलं फाटत नाही, कात्रीनं कापावं लागलं. सोमवारी मी लायसन्स परत घेतलं.

"आपल्याला लागत नाही ना पण?" पुष्करने विचारलं.

"नाही."

"मग?"

"असू दे," मी म्हटलं. तक्ता काही मांडला नाही.

अण्णा त्या दिवशी काय म्हणाले, हे शोधायचा मी प्रयत्न केला. नीनावहिनींना विचारलं, त्या फोनच्या मागे होत्या, त्यांना अण्णांचं तोंड दिसलंच नव्हतं. कॉल कोणी रेकॉर्ड केलेला नव्हता. शेवटी एका दुपारी चहाच्या वेळी मी बाबांनाच विचारलं. त्यांनी कप उचलला, चहा बशीत ओतला, फुंकला.

"मला वाटतं, शिवी दिली," ते म्हणाले. "मी हो म्हटलं."